मॅनिकिनवर घेतलेली परीक्षा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मी नाशिकच्या एका नर्सिंग कॉलेजमध्ये शिकवते. गेले आठ महिने आम्ही विद्यार्थिनींच्या प्रात्यक्षिक मूल्यमापनाचा काही भाग संगणकावर चालणाऱ्या मॅनिकिनवर, म्हणजे रुग्णासारख्या वागणाऱ्या माणसाएवढ्या पुतळ्यावर, घेत आहोत. वॉर्डातल्या परीक्षेत एकीच्या वाट्याला दुसऱ्या दिवशी घरी जाणारा रुग्ण येतो, तर दुसरीच्या वाट्याला धाप लागलेला, आणि गुण मात्र एकाच पट्टीने द्यावे लागतात. हा अन्याय मला वर्षानुवर्षे खुपत होता. १९७५ साली वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ रोनाल्ड हार्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कॉटलंडमधील डंडी येथे मांडलेल्या ओस्की या टप्प्याटप्प्यांच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या पद्धतीने प्रत्येकीला समान प्रश्न मिळतो हे खरे, परंतु छोट्या छोट्या टप्प्यांत रुग्णाचे तुकडे पडतात आणि त्याची प्रकृती डोळ्यांसमोर पालटत जाताना विद्यार्थिनी काय करते, हे कळत नाही. मॅनिकिनवर ते कळते.

रक्त चढवण्याच्या प्रसंगाने आमचे डोळे उघडले. एका हुशार मुलीने रुग्णाची ओळख, पिशवीवरचा क्रमांक आणि रक्तगट दुसऱ्या परिचारिकेसह पडताळला, रक्त संथ गतीने सुरू केले आणि ती रुग्णाजवळच थांबली. काही मिनिटांत काचेआडून आमच्या सहकारी रुग्णाच्या वतीने माइकवर म्हणाल्या, “सिस्टर, थंडी वाजतेय हो, कंबर पण दुखतेय.” मुलीने पांघरूण नीट केले, ताप मोजला, तक्त्यावर सुवाच्य अक्षरात नोंद केली, रक्त मात्र चालूच राहिले. ही रक्त न मानवल्याची लक्षणे असू शकतात आणि अशा वेळी आधी रक्त थांबवायचे असते. आमच्या चेकलिस्टनुसार तिला वीसपैकी सतरा गुण मिळाले. तिच्यानंतर आलेल्या मुलीचे हात पडताळणी करताना थरथरत होते आणि तिच्या दोन पायऱ्या सुटल्या, पण तक्रार कानावर पडताच तिने नळीवरचा क्लॅम्प बंद केला, नळीचा सेट बदलून सलाईन जोडले आणि डॉक्टरांना फोन लावला. तिला चौदा गुण मिळाले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग आम्ही मोजपट्टीच बदलली. रक्त तात्काळ थांबवणे ही अनिवार्य पायरी ठरवली. ती चुकली की बाकीचे कितीही बरोबर असले तरी तो प्रसंग पुन्हा द्यावा लागतो. निर्णयक्षमतेसाठी नर्सिंगच्या प्राध्यापिका कॅथी लासाटर यांच्या २००७ च्या मोजपट्टीतील लक्षात येणे, अर्थ लावणे, प्रतिसाद देणे आणि मागे वळून विचार करणे हे चार भाग घेतले. तरीही पहिल्या फेरीत एकाच चित्रीकरणाला आम्हा दोन परीक्षकांचे गुण इतके वेगळे पडले, की तीन दुपारी एकत्र बसून प्रत्येक शब्दाचा अर्थ ठरवावा लागला. मॅनिकिन घेऊ इच्छिणाऱ्यांनी या कामासाठी वेळ आधीच राखून ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन.

यंत्रापुरते बोलायचे तर हृदय बंद पडल्यावर छातीवर द्यायच्या दाबाच्या बाबतीत ते माझ्या नजरेपेक्षा कितीतरी विश्वासार्ह आहे. दाब पाच ते सहा सेंटिमीटर खोल गेला का, मिनिटाला १०० ते १२० ही गती टिकली का, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर आली का, हे सारे पडद्यावर दिसते. वीज गेल्यावर मात्र प्रसंग पहिल्यापासून सुरू करावा लागे, म्हणून आम्ही इन्व्हर्टर जोडून घेतला. मॅनिकिनमध्ये भरलेला रुग्णाचा आवाज इंग्रजी असल्यामुळे तो आम्ही पहिल्याच आठवड्यात बंद केला.

खरी उणीव वेगळीच आहे. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्याजवळ राहणाऱ्या आमच्या मुलींना कीटकनाशकाच्या विषबाधेचा रुग्ण ओळखता आलाच पाहिजे. पण या मॅनिकिनला घाम येत नाही, तोंडाला लाळ सुटत नाही आणि त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होत नाहीत. घाम आम्ही पाणी शिंपडून आणतो. बाहुल्यांसाठी चित्राचे कार्ड केले आहे, आणि जी मुलगी स्वतःहून पापणी उघडून बॅटरीचा उजेड टाकते, तिच्याच हातात ते द्यायचे, असे आम्ही ठरवले आहे.