अणुअभियांत्रिकीची ओळख: वीजकेंद्रापासून की रुग्णालयापासून?

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना अणुअभियांत्रिकीची ओळख करून देताना सुरुवात अणुवीज केंद्रापासून करावी की रुग्णालयातील किरणोपचार विभागापासून, हा प्रश्न पडलेल्या सहकारी शिक्षकांसाठी हे लिहीत आहे. कोल्हापुरात भौतिकशास्त्र शिकवताना मी दोन्ही मार्ग वापरून पाहिले आहेत.

वीजकेंद्राची बाजू भक्कम आहे. तारापूर 1969 पासून वीज देत आले आहे, गुजरातमधील काक्रापारला 700 मेगावॉटच्या स्वदेशी अणुभट्ट्या उभ्या आहेत. करिअरच्या दृष्टीनेही यांत्रिकी, विद्युत, रसायन अशा अनेक शाखांच्या अभियंत्यांना ‘गेट’ परीक्षेमार्गे या क्षेत्रात येता येते. रुग्णालयातील वाट त्यामानाने अरुंद आहे. तिथे साधारणपणे भौतिकशास्त्रातील एमएस्सीनंतर रेडिओलॉजिकल फिजिक्सची पदविका घ्यावी लागते.

मला मात्र एका गोष्टीने दरवेळी अडवले. केंद्राच्या सहलीहून परतलेल्या मुलांच्या वह्यांत वाफ, टर्बाइन आणि जनित्र यांपलीकडे फारसे काही नसे. भट्टीचा गाभा जाड काँक्रीटच्या आड असतो, आणि जो भाग दिसतो तो कागल-करवीरच्या मुलांनी साखर कारखान्याच्या, उसाचा चोथा म्हणजे बगॅस जाळून चालणाऱ्या सहवीज प्रकल्पात आधीच पाहिलेला असतो. “सर, बगॅसच्या जागी युरेनियम, एवढंच ना?” असे एका विद्यार्थिनीने विचारले. ती चुकली नव्हती. पण अणुकेंद्रकाचे विखंडन, न्यूट्रॉनांचा वेग कमी करणारा मंदायक, जड पाणी हे सारे त्या ‘एवढंच’मध्ये बुडून गेले, याची खंत मला बरेच दिवस होती.

रुग्णालयात तसे झाले नाही. तिथे दिसणारे लिनॅक, म्हणजे इलेक्ट्रॉनना वेग देऊन किरण निर्माण करणारे यंत्र, काटेकोर अर्थाने अणुकेंद्रकाशी संबंधित नाही, हे आधीच सांगून टाकावे. खरा धडा ब्रेकीथेरपीच्या, म्हणजे किरणोत्सर्गी स्रोत गाठीच्या आत किंवा अगदी जवळ ठेवून करायच्या उपचाराच्या खोलीत मिळतो. तिथल्या स्रोतातील इरिडियम-192 चे अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सर्ग निम्म्यावर येण्याचा काळ, सुमारे 74 दिवस असल्याने, स्रोत नवा असताना ज्या उपचाराला सहा मिनिटे पुरतात त्यालाच अडीच महिन्यांनी बारा मिनिटे लागतात, हे ऐकल्यावर फळ्यावरचा तो उतरता वक्र मुलांनी स्वतःहून वहीत काढला.

वर्गात अभियांत्रिकीकडे निश्चितपणे जाणारी मुलेच अधिक असतील तर वीजकेंद्र आधी घेणे कदाचित योग्य ठरेल. मी मात्र आता रुग्णालय पहिल्या सत्रात घेतो आणि केंद्राची सहल दुसऱ्या सत्रात ठेवतो, कारण इरिडियम कुठून येते असे मुले विचारतातच, आणि त्याचे उत्तर अणुभट्टीच्या गाभ्यात, न्यूट्रॉन शोषणाऱ्या इरिडियम-191 पाशी नेऊन पोहोचवते.