समुद्रकाठच्या निवांत गावातून दूरस्थ काम: काही महिन्यांच्या वास्तव्यानंतरचा अनुभव

ज्यांचे काम मुख्यतः लेखी आणि आपापल्या सवडीने होते, त्यांना समुद्रकाठचे निवांत गाव मानवते. ज्यांचा दिवस एकामागून एक बैठकांत जातो, त्यांना ते लवकरच जाचू लागते. माझे काम या दोहोंच्या मधले असल्यामुळे सलग काही महिन्यांच्या मुक्कामात दोन्ही बाजू पाहायला मिळाल्या.

घर दाखवताना ‘वायफाय आहे’ एवढेच सांगितले जाते आणि ते खोटेही नसते. मात्र आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आकडा अपलोडचा असतो, कारण व्हिडिओ कॉलमध्ये आपले चित्र आणि आवाज त्याच वाटेने जातात. रात्री चित्रपट विनाखंड दिसला म्हणून कॉलही सुरळीत चालेल असे समजू नये. चित्रपटाचा पुढचा भाग आधीच साठवून ठेवता येतो, संभाषणाला ती सोय नसते. त्यामुळे घर पक्के करण्यापूर्वी संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी अपलोडचा वेग आणि लेटन्सी, म्हणजे संदेश जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ, मोजून घ्यावी. दुसऱ्या कंपनीचे सिमकार्ड जवळ ठेवावे हा सल्ला योग्यच आहे, परंतु लहान गावात दोन्ही कंपन्यांची सेवा एकाच रस्त्याकडेच्या केबलवर विसंबून असू शकते. माझ्या मुक्कामात खोदकामात केबल तुटली, तेव्हा दोन्ही जोडण्या एकदमच बंद पडल्या. उपग्रहाद्वारे इंटरनेट घ्यायचे असेल तर उपग्रह किती उंचीवर आहे ते विचारावे: भूस्थिर उपग्रह सुमारे ३५,७८६ किलोमीटरवर असल्याने संदेश जाऊन उत्तर यायला अर्ध्या सेकंदाच्या आसपास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो आणि माणसे एकमेकांचे बोलणे तोडू लागतात, सुमारे ५५० किलोमीटरवरून फिरणाऱ्या स्टारलिंकसारख्या उपग्रहांत ही अडचण फारशी जाणवत नाही. वीज जाते तेव्हा लॅपटॉप चालू राहतो, पण राउटर बंद पडतो. त्याच्यासाठी छोटा यूपीएस घेणे ही मी केलेली सर्वांत किफायतशीर खरेदी ठरली.

ज्या गोष्टीची चर्चा सर्वांत कमी होते आणि झळ सर्वांत जास्त बसते, ती म्हणजे खारी हवा. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते आणि खारे वारे जमिनीकडे वाहतात. रात्री जमीन लवकर निवते आणि मतलई वारे समुद्राकडे जातात. शाळेत पाठ केलेला हा धडा इथे खिडक्या केव्हा उघडायच्या हे ठरवतो. खाऱ्या वाऱ्यांबरोबर येणारे मिठाचे सूक्ष्म कण यंत्रांवर बसतात आणि हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की ते मीठ ओलावा ओढून घेऊन विरघळू लागते. कोरडे असेपर्यंत ते फारसा त्रास देत नाही. हा खारट ओलावा मात्र वीज वाहून नेतो आणि धातू झपाट्याने गंजवतो. टॉर्चच्या उजेडात लॅपटॉपचे पोर्ट पाहिले, तेव्हा कडेला तपकिरी ठिपके उमटलेले होते, आणि पंख्याच्या जाळीतली चिकट धूळ कोरड्या ब्रशने सुटत नव्हती. तेव्हापासून दुपारी समुद्राकडची खिडकी बंद असते आणि काम संपले की लॅपटॉप ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात जातो. एसीच्या खोलीतून तो थेट दमट गच्चीवर नेल्यास त्यावर दव धरते, म्हणून आधी पिशवीतच थोडा वेळ राहू द्यावा. वाळूत बसून काम करण्याचे चित्र जाहिरातीपुरतेच खरे आहे. भर उन्हात पडद्यावरची अक्षरे दिसत नाहीत.

गाव निवांत असले तरी नोकरीचे घड्याळ दुसरीकडे असते. अमेरिकेत उन्हाळ्यासाठी मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे जातात, युरोपात त्याच महिन्याच्या शेवटच्या रविवारी. त्यामुळे दोन्हीकडे ग्राहक असणाऱ्याचे दोन-तीन आठवडे गोंधळाचे जातात. बैठका रात्री येत असतील तर सकाळ मोकळी मिळते आणि गावाचा खरा लाभ होतो. त्या संध्याकाळी येत असतील, तर किनाऱ्यावर जाण्याची वेळ नेमकी त्यांच्याच वाट्याला जाते.

परदेशातील गाव निवडणाऱ्यांनी कागदपत्रांकडे दुर्लक्ष करू नये. एस्टोनिया आणि बार्बाडोस यांनी २०२० मध्ये अशा कामासाठी वेगळा परवाना सुरू केला आणि पुढे इतर देशही त्या वाटेने गेले. पर्यटक व्हिसावर काम चालेलच असे नाही. अनेक देशांत १८३ दिवसांच्या वास्तव्यानंतर करदायित्वाचा प्रश्न उभा राहतो, म्हणून नियोक्त्याची परवानगी लेखी असावी.

हंगाम संपल्यावर गाव रिकामे होते, दुकाने लवकर मिटतात आणि ओळख झालेली फिरती मंडळी पांगतात. एकटेपणा सोसत नसेल त्याने याचा विचार आधीच करावा. मला स्वतःला हाच काळ अधिक आवडला, कारण भाडे उतरते आणि घरमालक महिन्यांच्या बोलीवर बोलायला तयार होतो. आमच्यासारख्यांमुळे हंगामात भाडी चढतात आणि गावातल्याच भाडेकरूंना घर मिळणे कठीण होते, ही तक्रार मला रास्त वाटते. मुक्काम मी वाढवला आहे, मात्र या खेपेस किनाऱ्यालगतचे घर सोडून दोन गल्ल्या आतले, पूर्वेकडे खिडक्या असलेले घर घेतले आहे. समुद्र पश्चिमेला असल्याने दुपारचा खारा वारा आता थेट टेबलावर येत नाही.