वसई की रेवदंडा-कोर्लई : एकच दिवस हाताशी असेल तर

पोर्तुगीज अमदानीतली तटबंदी पाहून त्याच दिवशी मुंबईला परतायचे असेल, तर बहुतेकांची निवड वसई आणि रेवदंडा-कोर्लई यांच्यात अडते. माझीही काही वर्षे अशीच अडली होती. आता दोन्हीकडे एकाहून अधिक वेळा जाणे झाले आहे.

नुसत्या वैभवाचा विचार केला तर वसईला तोड नाही. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून मिळालेल्या या मुलखात पोर्तुगिजांनी तटाच्या आत अख्खे शहर वसवले. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी ते जिंकल्यावर इकडच्या चर्चमधल्या घंटा भीमाशंकरापर्यंत पोचल्या. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत बसवलेल्या थडग्यांच्या शिळांपाशी मी एकदा बराच वेळ उकिडवा बसलो होतो. अक्षरे पायांखाली झिजली आहेत, तरी बोट फिरवले की त्यांच्या कडा अजून हाताला लागतात.

मात्र वसईत मला एका गोष्टीने फार त्रास दिला, आणि माझ्यापुरता निर्णय तिनेच केला : तटावरून सलग चालता येत नाही. दिवाळीनंतर गेलो होतो, तेव्हा एका बुरुजावर चढून जेमतेम चाळीस पावले गेलो असेन, पुढे छातीएवढे गवत आणि काटेरी झुडपे. खाली उतरून दुसरीकडून वाट शोधली, तिथेही तेच. सपाटीवरचा किल्ला, त्यात झाडी दाट. त्यामुळे चर्च, वेस, बुरुज सुटे सुटे दिसतात, पण समुद्राकडून येणाऱ्याला हा कोट कसा अडवत असेल, ते दिवसभर फिरूनही उमगत नाही. उन्हाळ्यात कदाचित बरे असेल.

कोर्लईत हे कोडे पडत नाही. निजामशाहीकडून १५९४ साली घेतलेला हा किल्ला समुद्रात घुसलेल्या अरुंद डोंगरावर आहे. माथ्यावर उभे राहिले की एका हाताला अरबी समुद्र, दुसऱ्या हाताला कुंडलिकेची खाडी आणि पलीकडे रेवदंड्याच्या नारळी-पोफळीच्या बागा, अशी सगळी मांडणी एका नजरेत येते. खाडीत शिरणारे गलबत दोन्हीकडच्या तोफांच्या माऱ्यात कसे सापडत असेल, ते कोणी सांगावे लागत नाही. पायथ्याच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजमिश्रित बोली आजही घरात बोलली जाते. एका ओसरीवरून मुलाला जेवायला दिलेली हाक मी ऐकली; तिच्यात मराठीचा हेल होता, शब्द मात्र एकही कळला नाही.

चर्चची वास्तुकला हाच मुख्य ओढा असेल, किंवा गुडघ्यांचा त्रास असलेले वडीलधारे बरोबर असतील, तर वसईच योग्य म्हणावी लागेल. कोर्लईच्या चढावर सावली नाही आणि एसटीच्या वेळा सांभाळाव्या लागतात. एरवी मी सुचवेन की सकाळी ऊन चढण्याआधी कोर्लई करावी आणि उतरल्यावर रेवदंड्यात शिरावे, जिथे अलिबाग-मुरूडचा रस्ताच पोर्तुगिजांचा तट छेदून जातो.