खाण्याचा इतिहास शिकायचाय: आधी पुस्तकं की आधी आजी?

खाण्याचा इतिहास शिकायचाय, सुरुवात कुठून करू असं विचारलं की लोक पुस्तकांची यादी पाठवतात. मीही तिथूनच सुरू केलं, आता वाटतं उलटं करायला हवं होतं.

पुस्तकांचा फायदा म्हणजे काळ पक्का कळतो. बाराव्या शतकातला मानसोल्लास घ्या, कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराचा, त्यात वडे आहेत, मासे आहेत, चक्क उंदराची रेसिपी आहे, पण मिरची नाही, कारण ती पोर्तुगीजांबरोबर फार नंतर आली. प्रॉब्लेम एवढाच की ते राजाचं ताट. १९१० चं लक्ष्मीबाई धुरंधरांचं गृहिणी-मित्र, हजार पाकक्रिया, तेही मुंबईतल्या खात्यापित्या घरातलं. मराठवाड्यातल्या दलित घरांतल्या चान्या (वाळवलेलं मांस), रक्ती (रक्ताचा पदार्थ) वाचायच्या तर शाहू पाटोळेंचं २०१५ चं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’. मधल्या काळात ही माणसं जेवत नव्हती का?

आजीकडे नेमकं हेच सापडतं. ७२च्या दुष्काळाचं विचारलं तर ती मिलोवर आली, अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, भाकरी थापताना कडा फाटायच्या, ते ती पीठ नसताना नुसत्या हातांनी करून दाखवत होती. खडी फोडायच्या दुष्काळी कामावर सुकडी, म्हणजे पिठाचा कोरडा पौष्टिक खाऊ, मिळायची ते वेगळंच. फक्त ‘काय खायचात’ असं विचारू नका, पुरणपोळीच ऐकायला मिळेल. ‘शेवटी कोण जेवायचं आणि कालवण संपलं असेल तर?’ असं विचारा. आजी जरा गप्प बसली, मग म्हणाली, मीठ-मिरची.

पण काळाच्या बाबतीत आजीवर विसंबू नका. साबुदाण्याची खिचडी तिच्या मते पूर्वापार उपासाची. आता ताटात बघा, साबुदाणा ज्याचा करतात तो कसावा, बटाटा, शेंगदाणा, मिरची, चारही मूळचे अमेरिका खंडांतले, आपलं जुनं म्हणावं तर तूप नि जिरं. हे सांगितलं तर म्हणाली, मग एकादशीला तू काय खातोस तेच बघते.

तर घरात सत्तरीपुढचं कुणी असेल तर आधी फोनवर रेकॉर्डिंग करा, ग्रंथालय कुठे पळून जात नाही, कोर्सबिर्सचंही पुढच्या वर्षी बघता येईल. कुणीच नसेल तर पुस्तकं, पण पाटोळ्यांपासून सुरू करून मागे मागे जा. आणि रेकॉर्डिंग स्वयंपाकघरात नका करू, माझं अर्धं कुकरच्या शिट्ट्यांत गेलं.