एनएफएस आणि एसएमबी एकत्र: आठ महिने वापरलं, ‘ऱ’ने मोडायला लावलं

ऑफिसात बारा विंडोज, पाच मॅक, तीन लिनक्स. फाइली सगळ्या एकाच लिनक्स सर्व्हरवर. नेटवर्कवरून फाइली वाटायच्या दोन पद्धती आहेत, म्हणजे दोन प्रोटोकॉल: विंडोजचा एसएमबी आणि युनिक्स-लिनक्सचा एनएफएस. आठ महिन्यांपूर्वी मी ठरवलं की विंडोजला सांबावरून (लिनक्सवर एसएमबी चालवणारा प्रोग्राम) एसएमबी द्यायचं, मॅक आणि लिनक्सला एनएफएस. फोल्डर तेच, रस्ते दोन. गेल्या महिन्यात ही रचना मोडली, आणि ती एका अक्षरापायी मोडली.

सुरुवातीचे तीन महिने मी एनएफएसवर खूश होतो. आवृत्ती ४ घेतली तर फायरवॉलमध्ये २०४९ हे एकच पोर्ट, म्हणजे नेटवर्कचं एकच दार, उघडावं लागतं, आणि बारीक फाइलींचे ढीग एसएमबीपेक्षा भराभर हलत होते. त्रास झाला तो मालकीचा. साध्या मांडणीत एनएफएस माणूस ओळखत नाही, आकडा ओळखतो. मॅकवरचा पहिला वापरकर्ता ५०१, उबुंटूवरचा १०००. त्यामुळे स्वतःचीच फाइल परक्याची दिसायची. सगळ्यांचे आकडे जुळवले आणि वाटलं, झालं.

मग अकाउंट्सच्या मॅडम म्हणाल्या, “फोल्डरमध्ये ‘दुसऱ्या तिमाहीचा हिशोब’ दोनदा दिसतोय, आणि दोन्हींत बेरीज वेगळी आहे.” मी म्हटलं, कॉपी झाली असेल, नावात कुठेतरी स्पेस असेल. नव्हती. पहिल्या आणि चौथ्या तिमाहीची फाइल एकेकच होती. दुसऱ्या आणि तिसऱ्याची मात्र जोडी. यावर माझे दोन दिवस गेले.

शेवटी नावांचे बाइट, म्हणजे डिस्कवर नावं ज्या आकड्यांत साठतात ते, काढून बघितले. विंडोजवरून आलेल्या नावात ‘ऱ’ हे एक अखंड अक्षर होतं, तीन बाइटचं. मॅकच्या फाइंडरने (फाइली बघायच्या प्रोग्रामने) तेच अक्षर सुटं करून पाठवलं होतं, ‘र’ आणि खाली टिंब (नुक्ता), सहा बाइट. डोळ्याला काडीचा फरक नाही, पण लिनक्सच्या डिस्कला ही दोन वेगळी नावं. ‘ळ’ असा फुटत नाही, ‘ऑ’ फुटत नाही. मराठीत रोज लागणाऱ्या अक्षरांत हा मार एकट्या ‘ऱ’ला बसतो, म्हणजे दुसऱ्या, तिसऱ्या, कर्मचाऱ्यांचे पगार, दौऱ्याचा खर्च. ऑफिसातली निम्मी नावं! एनएफएस-एसएमबीच्या मी वाचलेल्या तुलनांत हे नव्हतं, म्हणून इतकं सविस्तर लिहितोय.

मॅकवर एनएफएस माउंट करताना (सर्व्हरचं फोल्डर जोडताना) ‘एनएफसी’ हा पर्याय दिला की नाव जोडून जातं. तो दिला. नव्या फाइली नीट झाल्या, पण जुन्या सुट्या नावांच्या फाइली मॅकवर दिसायच्या, पण उघडायच्या नाहीत. म्हणजे आधी डिस्कवरची नावं दुरुस्त करणं आलं. त्यासाठी फाइलींची नावं बदलणारं ‘कॉन्व्हएमव्ही’ वापरलं. ते आधी काय बदलेल ते नुसतं दाखवतं, हे चांगलं. जिथे दोन्ही नावं हजर, तिथे ते हात लावत नाही. त्या फाइली माणसानेच उघडून बघायच्या.

तेव्हा माझं मत बदललं. एका फोल्डरला दोन प्रोटोकॉल द्यायचेच नाहीत. आता माणसं वापरतात ते सगळं एसएमबीवर, मॅकसुद्धा. मॅकला एसएमबी परकं, ही माझी समजूत जुनी होती. मॅकच्या २०१३च्या मॅव्हरिक्स आवृत्तीपासून ॲपलने एएफपी या स्वतःच्या प्रोटोकॉलऐवजी एसएमबीलाच पहिला मान दिलाय. सांबात मॅकसाठीचं ‘फ्रूट’ मॉड्यूल चालू केलं की काम भागतं. एक्सेलची फाइल कोणी उघडलेली असेल तर आता दुसऱ्याला लगेच कळतं, मशीन कुठलंही असो.

तक्रारी आहेतच. बारीक फाइलींचा वेग कमी झाला, तो रोज जाणवतो. विंडोज ११चं २४एच२ अपडेट आल्यावर बिनपासवर्डचं सामायिक फोल्डर उघडेना, सगळ्यांना खाती काढून द्यावी लागली. आणि आमचा जुना स्कॅनर फक्त एसएमबी १, म्हणजे एसएमबीची जुनी आवृत्ती, बोलतो. २०१७मध्ये वॉनाक्राय हे खंडणीखोर व्हायरस ज्या दारातून पसरलं, ते दार स्कॅनरसाठी उघडायची माझी तयारी नाही. चालतं मशीन टाकून द्यायचीही नाही. त्याला वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात) एफटीपीवर, म्हणजे फाइल पाठवायच्या जुन्या पद्धतीवर, बसवलं.

एनएफएस आता फक्त सर्व्हर आणि बॅकअपचं लिनक्स मशीन यांच्यात आहे. तिथे ते उत्तम चालतं.

एकूण ३१ जोड्या निघाल्या. २९ जुळवून झाल्या. उरलेल्या दोन मॅडम कागदी व्हाउचरांशी ताडून बघतायत.