शंभरचं स्टिकर, पन्नासचा स्कोप

परवा नांदेडच्या एका डिप्लोमाच्या पोरानं व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. "काका, हा घेऊ का? 100 मेगाहर्ट्झ, फुल अनलॉक, 33 हजार म्हणतोय." फोटोत स्कोप, म्हणजे सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप, खाली हिरवी कटिंग मॅट, आणि मॅटच्या कोपऱ्यात सोल्डरिंग आयर्ननं जळलेला बदामाएवढा डाग. तो डाग मी ओळखला. दोन वर्षांपूर्वी त्याच मॅटवर ठेवलेल्या स्कोपचे मी 36,500 रुपये मोजले होते. लाज वाटते, पण लिहितो.

लातुरात माझं मशीनमधली इलेक्ट्रॉनिक कार्डं दुरुस्त करायचं दुकान आहे, गंजगोलाईपासून चालत पाच मिनिटांवर. कामं बहुतेक डाळ मिलची. मोटरचे ड्राइव्ह, एसएमपीएस म्हणजे पॉवर सप्लाय, आणि सगळ्यांत किचकट म्हणजे कलर सॉर्टरची कार्डं. सॉर्टरमध्ये डाळ घसरत खाली येते, कॅमेरा दाणा बघतो, दाणा काळा असला की हवेच्या झोतानं उडवतो. त्या कॅमेरा कार्डावर माझा जुना 20 मेगाहर्ट्झचा, हिरव्या पडद्याचा स्कोप म्हणजे चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवणं. चार चॅनेलचा डिजिटल घ्यायचाच होता.

अनलॉक ही भानगड मुळात खोटी नाही, आणि मी फसलो तो तिथंच. कंपनी बऱ्याचदा एकच बोर्ड बनवते आणि सॉफ्टवेअरनं कुलूप लावून तेच स्वस्तात 50 चं, महागात 100 चं म्हणून विकते. हा आकडा म्हणजे बँडविड्थ, किती वेगाचा सिग्नल स्कोप नीट दाखवतो ते. रायगॉल कंपनीचा डीएस 1052 ई हा 50 चा स्कोप हौशी लोकांनी 2010 मध्येच 100 चा करून दाखवला होता. पुढं डीएस 1054 झेडचंही तेच झालं. सीरियल नंबरवरून की, म्हणजे कुलूप उघडायचा कोड, बनवायची, टाकायची, लगेच 50 चे 100, मेमरी जास्त, आणि डिकोडिंग सुरू, म्हणजे आय-टू-सी, आरएस-232 अशा सिग्नलमधला डेटा स्कोपच वाचून दाखवतो. हे सगळं मी रात्र रात्र वाचलं होतं. त्यामुळं 'अनलॉक केलेला आहे सर' म्हटल्यावर शंका यायला जागाच उरली नाही. कंपनीकडून लायसन्स रीतसर विकत घेता आलं असतं, पण ते पैसे वाचवायचे होते. हे लपवून बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

विकणारा पुण्याचा. बोलायला गोड, सारखं सर-सर. पैसे आधी यूपीआयनं घेतले, पार्सल ट्रॅव्हल्सनं पाठवलं. मॉडेल त्याचं इथं लिहीत नाही, कंपनीची त्यात काही चूक नाही. डबा उघडला तर स्कोप कोरा करकरीत, वर 100 मेगाहर्ट्झचं स्टिकर, डिकोडिंग चालू. मी सगळ्या आळीला बोलावून दाखवला. बिल मात्र नव्हतं. 'सेकंडहँड आहे ना सर, बिल कुठलं,' म्हणाला. सेकंडहँड असून प्रोबची पिशवीसुद्धा फोडलेली नव्हती, हे मला तेव्हा खटकायला हवं होतं.

आठवडाभरात एका मिलचं कॅमेरा कार्ड आलं. 24 मेगाहर्ट्झचा क्लॉक, म्हणजे कार्डाला ताल देणारा सिग्नल, तपासला तर चौकोनी लाट दिसायच्या ऐवजी गोलसर, दबलेली, दही घट्ट न लागल्यासारखी. प्रोब, म्हणजे सिग्नल घ्यायची स्कोपची वायर, 10एक्सवरच होता, 1एक्सवर असता तर पाच-सहा मेगाहर्ट्झच्या पुढं काही धड दिसत नाही, तेवढं कळतं मला. मी क्लॉक अशक्त ठरवला. ऑसिलेटर बदलला, बफर आयसी बदलला, त्यात एक ट्रॅक उचलला गेला. लाट तशीच. शेठजींचा फोन, "काय करूलालाव ओ? दोन दिस झाले मशीन बंद हाय." खरा दोष एका पॉवर कनेक्टरच्या कोरड्या, सोल्डर नीट न धरलेल्या सांध्यात होता. दोन दिवस आणि साडेचार हजारांचे पार्ट, दोन्ही माझ्या पदरचे.

तरीही स्कोपचा संशय आला नाही. तो आला एका सकाळी डिकोडिंग गायब झालं तेव्हा. मेनूत ऑप्शनची यादी उघडली. सगळ्या ऑप्शनपुढं ट्रायल, आणि वेळ संपलेला. नव्या स्कोपबरोबर कंपनी असे ऑप्शन काही तास वापरून बघायला देते, स्कोप चालू असेल तेवढाच वेळ मोजला जातो. या भाऊनं नवा स्कोप घेतला, ट्रायल चालू असतानाचे फोटो काढले आणि ट्रायललाच अनलॉक म्हणून विकलं. 100 ची बँडविड्थ तर त्या ट्रायलमध्येही नव्हती. नखानं स्टिकर खरवडलं तर खाली छापलेलं 50.

मग मापून बघितलं, जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. एक 74एसी14 आयसी, पाच व्होल्ट, एक छोटा कपॅसिटर. त्याची कड दोनेक नॅनोसेकंदांत वर जाते. प्रोबची लांब ग्राउंड वायर काढून स्प्रिंग लावली आणि राइज टाइम, म्हणजे कड वर चढायला स्कोपवर दिसणारा वेळ, घेतला. 7.3 नॅनोसेकंद. 0.35 ला त्यानं भागलं की बँडविड्थ येते, म्हणजे 48 मेगाहर्ट्झ. खरा 100 चा असता तर चारच्या आसपास आला असता. म्हणजे त्या कार्डाचा क्लॉक ठणठणीत होता. 24 ची चौकोनी लाट चौकोनी दिसायला तिचा तिप्पट वेगाचा भाग, 72 मेगाहर्ट्झचा हार्मोनिक, तरी लागतो, आणि तोच माझा स्कोप गिळत होता.

फोन केला तर म्हणतो, "लाइट गेली असेल सर, की उडाली. 3,500 पाठवा, नवी देतो." आणि मी पाठवले! बायको अजून या साडेतीन हजारांवरूनच बोलते, छत्तीसवरून नाही. की आली, स्कोपनं घेतली नाही. मग त्यानं एक फर्मवेअरची, म्हणजे स्कोपच्या आतल्या सॉफ्टवेअरची, फाइल पाठवली. पेनड्राइव्हनं टाकली आणि स्कोप कंपनीच्या लोगोवर अडकला. त्यानंतर त्यानं मला ब्लॉक केलं.

1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावायला मला चार दिवस लागले. 'अनलॉक केलेला म्हणून घेतला' हे कोणत्या तोंडानं सांगायचं, हाच विचार. तक्रार नोंदली गेली, पण तोवर त्याच्या खात्यातून पैसे निघून गेले होते. स्कोप एका मित्रानं कंपनीची मूळ फाइल टाकून जिवंत करून दिला. आता त्याच्यावर मी मार्करनं मोठ्ठं 50 लिहिलंय आणि तेवढ्यापुरता तो चांगला चालतो. तसलाच 50 चा नवा, बिलासकट, मी दिलेल्या पैशांहून स्वस्तात मिळत होता.

त्या पोराला मी सांगितलं, पैशाचं नाव काढू नको. आधी त्याच्याकडून ऑप्शनच्या यादीचा पूर्ण फोटो माग, कडा न कापलेला, सीरियल नंबर दिसणारा. मागच्या स्टिकरवरच्या सीरियल नंबरचा दुसरा. आणि 74एसी14 ची कड लावून राइज टाइमचा व्हिडिओ, स्टिकर नखानं खरवडून दाखवण्यासकट.

पोरानं विकणाऱ्याला तसा मेसेज टाकला. दोन निळ्या टिका लगेच आल्या. उत्तर काही आलं नाही, आणि संध्याकाळपर्यंत विकणाऱ्याच्या डीपीतला फोटोही दिसेनासा झाला.