एकच दिवस हाती असेल तर: ए-क्लास, टेरियर की ओ-टू?

उन्हाळा आला की आमच्या लंडनच्या घरी पुण्या-ठाण्याहून कोणी ना कोणी राहायला येते, आणि त्यात एखादा तरी रेल्वेवेडा निघतोच. यॉर्कचे मोठे रेल्वे संग्रहालय त्याने आधीच ठरवलेले असते. मग जेवताना हळूच विषय निघतो: "व्हिक्टोरिया राणीच्या काळात लंडनच्या लोकल ओढायची ती छोटी इंजिने कुठे बघायला मिळतील? एकच दिवस आहे हं." मी दरवेळी तेच सांगतो, म्हणून या वेळी लिहूनच काढले.

ही सगळी 'टँक' जातीची इंजिने. मागे कोळसा-पाण्याचा वेगळा डबा, म्हणजे टेंडर, नाही. जे काय ते इंजिनाच्याच अंगावर. माथेरानच्या गाडीचे जुने वाफेचे इंजिन आठवा, तेही असेच. लोकलला हे फार सोयीचे पडे. शेवटच्या स्थानकात इंजिन सोडवायचे, गाडीच्या दुसऱ्या टोकाला जोडायचे आणि उलट्या तोंडाने निघायचे. फिरवून घ्यायला टर्नटेबल नको. पाणी लवकर संपे, पण लोकलला लांब जायचे असते कुठे?

आता उमेदवार. पहिले मेट्रोपॉलिटन रेल्वेचे ए-क्लास. जगातली पहिली भुयारी रेल्वे 10 जानेवारी 1863 ला पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी मँचेस्टरच्या बेयर-पीकॉक कारखान्यातून ही इंजिने आली. पुढे चार लहान चाके, मागे पावणेसहा फुटांची चार चालक चाके, वजन सुमारे 42 टन. खरी गंमत धुरांड्यात आहे, किंवा धुरांडे टाळण्यात म्हणा. एरवी इंजिन वापरलेली वाफ धुरांड्यातून फेकते, भक भक आवाज होतो तो त्याचाच. बोगद्यात ही वाफ जाड नळ्यांतून बाजूच्या टाक्यांत वळवून तिथल्या थंड पाण्यात जिरवत. पण जिरवून जिरवून टाकीतले पाणीच कढत झाले की पुढची वाफ जिरणार कशी? मग फेरी संपली की ते पाणी सोडून नवे भरायचे. वाफ अशी आवरली तरी कोळशाचा धूर आणि गंधकाचा वास काही जिरत नसे. तो 1905 साली विजेच्या गाड्या येईपर्यंत लोकांनी सोसला. (आपल्याकडे व्हीटी-कुर्ला मार्गावर वीज आली ती 3 फेब्रुवारी 1925 ला.) ड्रायव्हरला सुरुवातीला धड केबिनसुद्धा नव्हती, समोर एक उभा पत्रा, बस्स.

या जातीचे एकच इंजिन उरले आहे, 1866 चे 23 नंबर. कॉव्हेंट गार्डनच्या लंडन ट्रान्सपोर्ट म्युझियममध्ये ते उभे आहे. पाऊस असो, थंडी असो, ते जागचे हलत नाही, आणि हाच त्याचा गुण आणि हाच दोष. दोन तासांत उरकते, मेट्रोने जाता येते, त्या जाड नळ्या हातभर अंतरावरून बघता येतात. पण ते थंड पडलेले इंजिन आहे. मला तिथून बाहेर पडताना दरवेळी अर्धपोटी उठल्यासारखे वाटते.

दुसरे टेरियर, आणि याच्याबद्दल मी निःपक्षपाती असण्याचा आव आणत नाही. लंडन-ब्राइटन रेल्वेच्या विल्यम स्ट्राउडलीने 1872 ते 1880 मध्ये अशी 50 इंजिने बांधली. वजन साडेसत्तावीस टनांच्या आसपास, चाके फक्त चार फुटांची, सहाच्या सहा चालक. दक्षिण लंडनच्या मार्गांवर रूळ हलके आणि स्थानके जवळजवळ. तिथे जड इंजिन चालणार नाही आणि पळापेक्षा चटकन उचल घेणे महत्त्वाचे. लहान चाक ती उचल देते. आवाज टेरियर जातीच्या छोट्या कुत्र्याच्या भुंकण्यासारखा, म्हणून टेरियर. इंजिनांना नावे दिली ती लंडनच्या वस्त्यांची आणि आसपासच्या गावांची: पॉप्लर, वॉपिंग, स्टेपनी. इंजिनावर 'वॉपिंग' वाचून गाडी वॉपिंगलाच चालली असे समजू नये, एवढे भान प्रवाशाने ठेवायचे. रंगाचे अधिकृत नाव 'सुधारित इंजिन हिरवा', प्रत्यक्षात गर्द हळदीचा पिवळा. स्ट्राउडलीला रंग नीट ओळखता येत नसत असे म्हणतात. खरे-खोटे त्यालाच ठाऊक.

ही इंजिने थेम्स नदीखाली अभियंता मार्क ब्रुनेलने बांधलेल्या बोगद्यातूनही धावली. तो बोगदा आजही वापरात आहे: लंडन ओव्हरग्राउंडच्या विंडरश लाइनवर रॉदरहाइथ ते वॉपिंग एक स्थानक प्रवास केला की झाले. येता-जाता होण्यासारखे आहे, चुकवू नका.

पुढे लंडनला ती अपुरी पडू लागली, पण हलकी होती म्हणून वाचली. दक्षिण किनाऱ्यावरच्या हेलिंग बेटाकडे जाणाऱ्या शाखेवरच्या लाकडी पुलाला जड इंजिन पेलत नसे, त्यामुळे तिथे टेरियर 1963 पर्यंत राबली. 50 पैकी 10 आज शिल्लक आहेत. स्टेपनी आणि फेन्चर्च ही दोन ब्लूबेल रेल्वेकडे आहेत, म्हणजे ससेक्समध्ये जुन्या वाफेच्या गाड्या हौसेने चालवणाऱ्या रेल्वेकडे. लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकाहून ईस्ट ग्रिनस्टेडला सुमारे तासाभरात पोहोचता येते, आणि तिथूनच ब्लूबेलचा 11 मैलांचा मार्ग सुरू होतो. मेट्रोपॉलिटन रेल्वेचे जुने लाकडी डबेही ब्लूबेलकडे आहेत, म्हणजे ए-क्लासची अर्धी भूक तिथे भागते. खोट एकच. मार्ग लांब, गाड्या मोठ्या, त्यामुळे बहुतेक दिवस पुढे भलेथोरले इंजिन असते. टेरियरला तिथे पाहुणी म्हणून मिरवतात.

लंडनच्या लोकलसाठी 1860-70 च्या दशकांत बांधलेली, अभियंता जोसेफ बीटीची 'वेल टँक' इंजिनेही दोन उरली आहेत. पाण्याची टाकी चाकांच्या मधे खाली, विहिरीसारखी. त्यातले एक पार कॉर्नवॉलला. एका दिवसाचा हिशेब असेल तर विसरा.

तिसरे ओ-टू. लंडन अँड साउथ वेस्टर्न रेल्वेच्या विल्यम अ‍ॅडम्सने 1889 ते 1895 मध्ये 60 बांधली. पुढे चार चालक चाके, मागे कोळशाखाली चार लहान चाके. दिसायला टेरियरइतकी लाडिक नाहीत, कामाच्या बाईसारखी खंबीर. 1923 पासून यातली बरीच इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या वाइट बेटावर (आइल ऑफ वाइट) पाठवली गेली आणि बेटावरची प्रवासी वाहतूक त्यांनी 1966 च्या 31 डिसेंबरपर्यंत ओढली. उरले ते एकटे 'कॅलबर्न', 1891 चे. तिथेच, आइल ऑफ वाइट स्टीम रेल्वेवर. म्हणजे याला कोणी हौसेने आणून ठेवलेले नाही. ते 1925 पासून त्याच बेटावर आहे. मागचे डबेही व्हिक्टोरियन-एडवर्डियन, त्यातले कित्येक लोकांच्या बागेत घर म्हणून पडले होते, तिथून उचलून दुरुस्त केलेले. इंजिन, डबे, छोटी स्थानके, सगळे एकाच मापाचे. वर 'न्यूपोर्ट' आणि 'फ्रेशवॉटर' ही दोन टेरियरही याच रेल्वेची. न्यूपोर्ट मूळचे 'ब्राइटन', 1878 च्या पॅरिस प्रदर्शनात सुवर्णपदक मिळवलेले.

तर माझे मत असे. लहान मूल किंवा गुडघे दुखणारे आजी-आजोबा बरोबर असतील तर ब्लूबेल. बदल कमी, बसायला भरपूर. पावसाची दुपार असेल तर 23 नंबर. पण विचारणारा खराखुरा वेडा असेल आणि पहाटे उठायला तयार असेल, तर मी वाइट बेटाशिवाय दुसरे नाव घेत नाही. वॉटर्लूहून पोर्ट्समथ हार्बर, मग बोट, मग राइडच्या धक्क्यावरूनच आयलंड लाइनची गाडी. ही गाडीही बघण्यासारखी: लंडनच्या डिस्ट्रिक्ट लाइनवरचे जुने डबे नव्याने सजवून तिथे चालवतात, कारण राइडचा बोगदा बुटका आहे.

दोन गोष्टी निघण्याआधी करा. इथल्या जुन्या इंजिनांचा बॉयलर साधारण दर दहा वर्षांनी पूर्ण उघडून तपासतात, आणि त्यात इंजिन वर्षानुवर्षे वर्कशॉपमध्ये राहू शकते. म्हणून त्या दिवशी कोणते इंजिन गाडीला आहे ते रेल्वेच्या संकेतस्थळावर बघा. आणि स्मॉलब्रूक जंक्शनला, जिथे तुम्ही वाफेच्या गाडीत बदलता, तिथे बाहेर जायला रस्ताच नाही. फलाट, झाडी आणि दोन रेल्वे. परतीची शेवटची गाडी कधी ते जातानाच लिहून घ्या.